न चिरलेले लेपे

दर महिन्याला धारवाडहून निघायचं, कलघटगीवरून पुढे घाट उतरून कारवारच्या खाडीवर जायचं आणि चिखल नि मासे घेऊन परत यायचं. चव्वेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी. करायचं खूळ माझंच, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? कॉलेजात शिकवून आधीच जीव मेटाकुटीला आलेला, त्यात हे!

विषय तसा साधा. खाडीच्या तळाशी, चिखलात, बारीक किडे आणि शिंपल्या राहतात. तळालाच चिकटून असणारा लेपा नावाचा चपटा मासा त्यांच्यावर जगतो. चिखलात असलेल्यांपैकी तो काय खातो आणि काय सोडतो, एवढंच मला शोधायचं होतं. म्हणजे चिखल चाळून किडे मोजायचे आणि लेप्याच्या पोटात काय निघतं त्याच्याशी ताडून बघायचे.

चिखलाचं काम मी मन लावून केलं. पण मासा? आमच्या घरी अंडंसुद्धा परसात, वेगळ्या पातेल्यात उकडतात. लेपा चिमट्यानं उचलायचा आणि तसाच फॉर्मेलिनच्या, म्हणजे मासा कुजू न देणाऱ्या औषधाच्या, बरणीत सोडायचा, झालं. होडीवाला दर वेळी विचारायचा, "अक्का, पोट चिरून देऊ काय?" मी ऐटीत सांगायची, "नको अण्णा, अभ्यासाला अख्खाच लागतो." कसला अभ्यास नि कसलं काय! मला ते बघवत नव्हतं, इतकंच.

वर्ष सरल्यावर प्रयोगशाळेत, माझ्या मार्गदर्शक मॅडम शेजारी उभ्या असताना, पहिला लेपा कापला. पोटात नुसता राखाडी लगदा. दुसऱ्यात तोच. दहाव्यातही तोच. पोट न चिरल्यामुळे औषध आत पोचलंच नव्हतं; मासा मेल्यावरही पोटातलं जिरत राहिलं होतं. वर्षभराची मेहनत मातीत गेली.

"का चिरलं नाहीस गं?" मॅडमनी विचारलं.

इतकी दमले होते की खोटंसुद्धा सुचेना. "किळस आली, मॅडम."

त्यांनी कापलेले लेपे बाजूला सारले. मग म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून वर्षभर. नाहीतर सोडून दे."

घरी हे म्हणाले, "सोड की आता. कोण विचारतंय तुला?" खरं सांगते, मलाही सोडायचंच होतं. सकाळी उठवत नव्हतं, पाय दुखायचे, चिखलाच्या वासाचासुद्धा वीट आला होता.

तरी पुढच्या महिन्यात गेले. का गेले, काय की. जाळ्यातला पहिला लेपा होडीतच फळीवर घेतला आणि हातात ब्लेड धरलं. डोळे मिटावेसे वाटले, पण मिटून कसं चालणार? चिरलं एकदाचं.

आत तीन तांबडे किडे, अख्खे. एक तर अजून वळवळत होता. वर्षभर चिखलातून मी वेचत आले तेच हे किडे. मला एकदम ढसाढसा रडू आलं, आणि दोन्ही हात आतड्यांनी बरबटलेले. डोळे पुसायचीसुद्धा सोय नव्हती.