काळ्या साड्यांची संध्याकाळ

आमच्या घरात हळदीकुंकू कधी झालं नाही. होणार तरी कसं? हळदीकुंकवाविरुद्धच्या पत्रकांचे गठ्ठे आमच्याच पलंगाखाली असायचे. वडील अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनचे कार्यकर्ते. पगारवाढीपासून अंधश्रद्धेपर्यंत कशावरही पत्रक निघायचं, तेव्हा त्याची घडी घालायचं काम माझ्याकडे असे. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मी ‘कमळ’ आणि ‘बदक’च्या आधी वाचायला शिकले. हळदीकुंकवावरचं पत्रक तर मला पाठ होतं, कारण ते आत्यासाठी लिहिलेलं होतं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला आणि ती सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत राहायला आली. जो समारंभ एका बाईला कुंकू लावतो आणि दुसरीला दाराबाहेर ठेवतो त्याला आमच्या घरात जागा नाही, असं त्या पत्रकात होतं. आई लग्नानंतर एकाही हळदीकुंकवाला गेली नाही. मीही नाही.

बी.ए. झाल्यावर गंगापूर रोडच्या एका बंगल्यात मला मराठी शिकवण्याचं काम मिळालं. शिकणारी बाई जर्मनीहून आलेली, पन्नाशीची. नवरा इंजिनिअर होता, अंबडमधल्या एका कंपनीत त्याला पाठवलेलं होतं. घरी हे कळलं तेव्हा वडील जेवताना थांबले.

“मालकाच्या बायकोला मराठी शिकवणार?”

“मालकाची नाही हो, त्यांनी आणलेल्या इंजिनिअरची.”

“तेच ते,” वडील म्हणाले आणि ताक मागितलं.

मी तिला मॅडम म्हणायचे. ती मला बाई म्हणायची. आपल्याकडे शिक्षिकेला बाई म्हणतात हे मीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि मग पन्नाशीच्या बाईने एकविशीच्या पोरीला “बाई, चहा?” असं विचारणं रोजचंच झालं. धडा तासाभराचा असे, गप्पा त्याहून जास्त. आमचं बोलणं बहुतेक इंग्रजीत चाले. माझ्या वर्गातल्या मुली लग्न होऊन गेल्या होत्या आणि घरी येणारी माणसं चळवळीखेरीज कशावर बोलत नसत. आज काय वाटतंय, असं विचारणारी माझ्या ओळखीची ती एकटीच होती. हे तेव्हा मी कोणाजवळ कबूल केलं नसतं.

मॅडम पार्ट्या द्यायची. साध्या नाहीत, प्रत्येक पार्टीला एक विषय. एकदा जंगल, एकदा जुना सिनेमा, एकदा राजेरजवाडे. पाहुण्यांनी त्या वेशात यायचं, प्रवेशिका विकत घ्यायची, आणि जमलेले पैसे अंबडमध्ये काम करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी चालणाऱ्या पाळणाघराला जायचे. तिच्याकडे एक अख्खं कपाट त्या कपड्यांचं होतं. दोन दोन दिवस ती मुकुटाला टिकल्या चिकटवत बसे.

मला ते सगळं खोटं वाटायचं आणि मी तसं तोंडावर सांगायचे. त्या मुलांच्या आयांना हक्काचं मिळायला हवं, राजेरजवाड्यांच्या ताटातलं उरलेलं नको, असं मी म्हणाले. ती म्हणाली, “बरोबर आहे. पण हक्काचं मिळेपर्यंत मुलांना दूध कोण देणार?” मी म्हणाले, सरकार. ती हसली नाही, हे मला आवडलं.

राजेरजवाड्यांच्या रात्री मला तिने नऊवारी आणि नथ देऊ केली. मी सोंग घेणार नाही, म्हटलं. माझा रोजचा खादीचा झब्बा आणि खांद्याला शबनम, तशीच गेले. दारात एका डॉक्टरांची बायको, डोक्यावर मोरपिसांचा तुरा, मला बघून टाळ्याच वाजवायला लागली. “अय्या! चळवळीतली मुलगी! किती हुबेहूब! झब्ब्याला शाईचे डागसुद्धा पाडलेत!” रात्री वेशभूषेचं दुसरं बक्षीस मला जाहीर झालं. नको म्हणाले तर ते विनय समजून लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी हे मी चिडून सांगत होते. मॅडम ऐकत ऐकत एकदम म्हणाली, “तुला निदान कोणीतरी बक्षीस दिलं. मला दोन वर्षांत कोणी घरी बोलावलं नाही.”

माझ्या डोक्यात ते कधी आलंच नव्हतं. पन्नास पन्नास माणसं तिच्या अंगणात जेवून जात. फोटो काढत, छान झालं म्हणत, आणि गाडीत बसत. त्यानंतर पुढच्या पार्टीपर्यंत फोन नाही. दुपारभर ती बंगल्यात एकटी, माळी आणि मी. नवरा अंधार पडल्यावर यायचा.

त्या हिवाळ्यात कंपनीने त्याला आणखी दोन वर्षं थांबायला सांगितलं. फेब्रुवारीच्या आत कळवायचं होतं. मॅडमने मला सरळ सांगितलं, “आणखी एकच पार्टी देते, फक्त बायकांची. त्यात बायका बसल्या, बोलल्या, तर मी राहीन. नाहीतर तो राहू दे, मी जाते.”

संक्रांत जवळ आली होती. काळी साडी नेसण्याचा हाच एक सण, हे तिला कुठूनतरी कळलं होतं, आणि ‘काळ्या साड्यांची संध्याकाळ’ हा विषय तिने ठरवूनही टाकला होता. हळदीकुंकू करायचं. मी ताडकन नाही म्हणाले, कारण सांगितलं, आत्याचं सांगितलं. ती म्हणाली, “मग सगळ्यांनाच बोलावू. कार्ड तू लिही.”

हा मोह मोठा होता. पत्रकात जे नुसतं म्हटलं होतं ते करून दाखवायची संधी. प्रवेशिका नाही, दाराशी पाळणाघरासाठी एक पेटी, आणि कार्डावर मी लिहिलं: ‘विवाहित, अविवाहित, विधवा, परित्यक्ता, सर्व भगिनींनी यावे.’ वाण म्हणून मला पुस्तिका द्यायची होती. मॅडमला चहाची गाळणी द्यायची होती. शेवटी गाळणीभोवती पत्रक गुंडाळायचं ठरलं.

आत्यालाही मी कार्ड दिलं. तिने ते लांब धरून वाचलं आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलं. म्हणाली, “थंडी फार आहे गं.”

संक्रांतीनंतरच्या त्या शनिवारी मॅडमने काळी चंद्रकळा नेसली होती, नऊवारी. आणि तिच्या अंगावर हलव्याचे दागिने होते. हार, बाजूबंद, बिंदी, सगळं साखरेच्या दाण्यांचं, रविवार कारंजावरच्या एका बाईंकडून करून घेतलेलं. ते नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीला घालतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मलाही ते माहीत नव्हतं. हिरवळीवर गोल टेबलं, खुर्च्यांवर उशा, कोपऱ्यात शेवंतीच्या माळा. मटार-कचोऱ्या, पुलाव, गुळाच्या पोळ्या, साठ जणींचं जेवण. आधी गाणी, मग उखाण्यांची स्पर्धा, मग पाळणाघराच्या मुलांची चित्रं, मग जेवण, असा कार्यक्रम मीच आखला होता.

पहिल्या चौघी उन्हं होती तेव्हाच आल्या. सगळ्या काळ्या साड्यांत. फाटकातून झपझप आल्या आणि ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

“अय्या, हलव्याचे दागिने! पहिलीच संक्रांत वाटतं, नवरीबाई?”

“गोड दिसताय हो अगदी. मुंग्या लागतील.”

मॅडम आनंदाने लाल झाली. “या, बसा,” ती म्हणाली. मराठीतलं तिचं ते सगळ्यात स्वच्छ वाक्य होतं. महिनाभर आम्ही त्याची तयारी केली होती.

“बसत नाही हो. लावा पटकन. अजून कॉलेज रोडला तीन ठिकाणी जायचंय.”

तिने हळदकुंकू लावलं, अत्तर लावलं, तिळगूळ दिला, गाळणी दिली. चौघी पेटीत काहीतरी टाकून वळल्या. “या हं आमच्याकडे. मंगळवारी आहे.” गेल्या.

मॅडमने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “यांना काम असेल.”

मग पाच जणी आल्या, तसंच ‘या हं आमच्याकडे’ म्हणाल्या आणि गेल्या. मग तिघी. डॉक्टरांची बायको आली, माझ्या झब्ब्याकडे बघून म्हणाली, “हे काय, परत तोच ड्रेस?” आणि गेली. कोणी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला तरी मॅडम पुढे व्हायची, “बसा, बसा.” आणि ती बाई घाबरल्यासारखी हात काढून घ्यायची. “नको नको, रिक्षा थांबलीय.” गाणी म्हणणाऱ्या दोघी पेटी-तबला लावून एकमेकींकडे बघत होत्या. अंधार पडायच्या आत चाळीसेक बायका येऊन गेल्या, आणि एकही उशी दबली नव्हती.

माझ्या कार्डावरच्या ‘सर्व भगिनीं’पैकी विधवा एकच आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, पांढऱ्या केसांच्या, एकट्या. मॅडम कुंकवाचं बोट पुढे करून गेली तसा त्यांनी तिचा हात मधेच धरला, प्रेमानेच. मग मला विचारलं, “कार्ड तू लिहिलंस?”

“हो.”

“छान लिहिलंयस. मी तिळगूळ घेते फक्त.” आणि त्याही गेल्या.

मॅडम ओट्यावर बसली. साखरेचा हार घामाने मानेला चिकटला होता. तो ओढून काढताना दाणे फरशीवर सांडले. गाणाऱ्यांना जेवायला वाढलं, माळ्याला डबा दिला. उरलेल्या कचोऱ्यांची पिशवी घेऊन मी शेवटच्या सिटी बसने घरी आले.

आत्या जागी होती. पिशवी बघून म्हणाली, “एवढं उरलं?”

मी सगळं सांगितलं. बायकांचा उर्मटपणा, गोऱ्या बाईकडे तमाशा बघायला येणं, वाण घेऊन पळणं. मी चांगलीच तापले होते. आत्या कचोरी मोडत ऐकत होती.

“अगं, हळदीकुंकवाला कोणी बसतं का? उभ्या उभ्या जायचं असतं. संध्याकाळभरात दहा घरं करायची. जेवायला कसली घालता तुम्ही!”

“तू आधी का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कुठे?”

“तुला कसं विचारणार, आत्या?”

“का? मी काय जन्मतःच विधवा होते का?” ती म्हणाली. “पाच वर्षं केलंय मी. पहिल्या संक्रांतीला मलाही हलव्याचे दागिने होते.” मग हात धुऊन आली आणि म्हणाली, “तिला सांग, आता तिने जायला पाहिजे. ज्या आल्या त्यांच्याकडे. रथसप्तमीपर्यंत चालतं. नाही गेली तर रागावतील.”

सोमवारी धड्याला गेले तेव्हा दिवाणखान्यात बॅगा काढून ठेवलेल्या होत्या. वेशांचं कपाट उघडं होतं. मॅडम म्हणाली, “आज शिकायला नको.”

मी तिला आत्याने सांगितलेलं सांगितलं. न बसणं हा अपमान नव्हे, ती रीतच आहे. ती दाराशी उभी राहून ऐकत होती. मग हळूच विचारलं, “म्हणजे ‘या आमच्याकडे’ म्हणाल्या ते खरं? ती बोलायची पद्धत नव्हे?”

‘पद्धतच’ असं म्हणून मी तिला विमानात बसवू शकले असते. ते मनात आलंसुद्धा नाही. मी म्हणाले, “खरं आहे. नाही गेलात तर रागावतील.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

ती खुर्चीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागली. चाळीस घरांचं बोलावणं होतं तिला. मग उठून माझे खांदे धरले. “उद्यापासून आपण दोघी. तू मला शिकव काय बोलायचं.”

“मी येणार नाही, मॅडम.”

“का? तुला लावतील की कुंकू.”

“मला लावतील. आत्याला नाही लावणार. म्हणून नाही.”

ती म्हणाली, “पण तू गेलीच नाहीस तर त्यांना कळणार कसं, की तू का येत नाहीस?”

याचं उत्तर आमच्या पत्रकात होतं. मी ते दिलं, तावातावाने. बहिष्कार म्हणजे काय, तो एकट्याने का करायचा असतो, सगळं. तिने पूर्ण ऐकलं. म्हणाली, “ठीक आहे, बाई.” आणि मंगळवारी एकटी गेली.

मी चुकले असं मला आजही वाटत नाही. वडील गेले, ते पत्रक आता कोणी छापत नाही, पण छापायचं झालं तर त्यातला एक शब्द मी बदलणार नाही. फक्त त्या जानेवारीत संध्याकाळी काय करायचं ते मला कळत नव्हतं. धडा दुपारी उरकायचा, कारण पाचनंतर तिला नेसायचं असे. मग ती दुसऱ्या धड्याला म्हणाली, उद्या नको, अमकीकडे लोणचं शिकायला जायचंय. बॅगा माळ्यावर गेल्या. नवऱ्याने कंपनीला हो कळवलं. वेशांच्या पार्ट्या बंद झाल्या. पाळणाघरात ती आता दर बुधवारी त्या बायकांनाच घेऊन जाऊ लागली.

रथसप्तमीच्या संध्याकाळी मी कॉलेज रोडवर एका झेरॉक्सच्या दुकानापाशी उभी होते. समोर रिक्षा थांबली आणि तिच्यातून चार-पाच जणी उतरल्या. एवढ्या बायका एका रिक्षात मावल्या कशा देव जाणे. त्यांच्यात मॅडम होती. अंगावर साधी काळी सहावारी, कपाळावर एकावर एक पाच-सहा घरांचं कुंकू. तिने मला पाहिलं आणि रस्त्यापलीकडून ओरडली, “ये ना गं!”

मी हात हलवून नाही म्हटलं.

“कोण ती?” एकीने विचारलं.

“माझ्या बाई,” मॅडम म्हणाली. “चला, उशीर झालाय.”

त्या इमारतीत शिरल्या. जिन्यावरून त्यांचा आवाज वर वर जात राहिला, मग दार उघडल्याचा, मग हसण्याचा. त्या वर फार वेळ थांबणार नाहीत, हे आता मला माहीत होतं. थोडं थांबले असते तर ती खाली आलीच असती, आणि आम्ही कोपऱ्यापर्यंत तरी बरोबर चाललो असतो. मी झेरॉक्सचे पैसे दिले आणि त्या खाली यायच्या आत सिडकोची बस पकडली.