दोरीवरची चप्पल

सोलापुरात हरवलेली वस्तू आधी आमच्या शेजारच्या काकांना भेटते आणि मग मालकाला, असं माझं ठाम मत आहे. चालताना काकांची नजर कायम जमिनीवर. छत्री, डब्याचं झाकण, एका पायाची चप्पल, जे सापडेल ते घरी आणायचं, पुसायचं आणि अंगणातल्या दोरीला टांगायचं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही; अडवणार कोण? एकदा मी सहज म्हणालो, "काका, हा बेवारस पसारा आवरा की आता." काका भडकलेच. "शब्द फारशीतनं आलाय, ठावं हाय का? 'बे' म्हंजे शिवाय, 'वारस' म्हंजे हक्काचं मानूस. ही चप्पल काय आभाळातनं पडली? हिचं मानूस हाय की कुटंतरी!"

त्यांचा खरा पराक्रम कवळीचा. अक्कलकोटहून येणाऱ्या एसटीत सीटखाली रुमालात गुंडाळलेली कवळी सापडली. दुसरा कोणी कंडक्टरकडे देऊन मोकळा झाला असता. काकांना मात्र एकच घोर, "कडक भाकरी कशी खात आसंल रं त्यो?" त्या घोरात स्वतःचंही जेवण उतरेना. मग रोज अक्कलकोट गाठायचं आणि स्टँडवरच्या म्हाताऱ्यांना हात जोडून "जरा तोंड उघडता का?" म्हणायचं. शिव्या मराठीत खाल्ल्या, कानडीतही खाल्ल्या. कवळी पुरुषाचीच असणार, हे काका का धरून चालले, देव जाणे. शेवटी बाकावरच्या एक आजी बोळक्या तोंडानं ओरडल्या, "त्यास्नी काय इचारतूस? दात माजं हाईत!"

गेल्या उन्हाळ्यात काका सोलापूरच्या स्टँडवर चक्कर येऊन पडले. खिशात ना फोन, ना पत्ता. गर्दीतून कोणी म्हणालं, "बेवारस दिसतंय म्हातारं." नेमक्या त्याच वेळी त्या आजी एसटीतून उतरत होत्या. काकांना दवाखान्यात नेणाऱ्या रिक्षावाल्यानं मला नंतर सांगितलं, गर्दी बाजूला सारत आजी कडाडल्या, "कुनाला बेवारस म्हनतासा? भाऊ हाय त्यो माजा!" काकांनी शोधून दिलेल्या त्याच दातांनी!

मी दवाखान्यात धावत पोचलो, तर आजी काकांना दुधात भाकरी कुस्करून भरवत होत्या आणि काका मुकाट्यानं खात होते. मला रडूच आलं.

काका आता फारसे बाहेर पडत नाहीत. दोरीवर ती चप्पल अजून आहे. पूर्वी तिच्याकडे बघून मला हसू यायचं. आता काकांचं फाटक वाजलं की मीही डोकावतो. वाटतं, आलं असेल तिचं माणूस.