बदमाशाचं काम

"ह्याला मेकअपची गरज नाही," लेले काका म्हणाले. माझी हनुवटी धरून त्यांनी माझं तोंड ट्यूबलाइटकडे वळवलं. "बघा. बदमाश म्हणून अगदी परफेक्ट."

सगळे हसले. मीही हसलो. हसण्यावाचून दुसरं काय करायचं असतं ते नववीतल्या मुलाला कुठे माहीत असतं? दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या कम्युनिटी सेंटरचा हॉल. मंडळाच्या गणपतीत करायच्या नाटुकल्याची तालीम. ओळीत उभी केलेली आम्ही मुलं. गोरी मुलं पोलिस झाली. चष्मा लावणारा निनाद इन्स्पेक्टर. मी बदमाश. त्याआधी काकांनी प्रत्येकाला आडनाव विचारलं होतं. माझं ऐकून ते "अच्छा" म्हणाले होते. नुसतं अच्छा. ते अच्छा मला लहानपणापासून पाठ होतं.

लेले काका मंत्रालयातून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झाले होते. बाबा पूर्वी त्यांच्याच सेक्शनमध्ये क्लार्क. काका रिटायर झाले तरी बाबा त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नसत. आम्ही बौद्ध. गणपतीला हात जोडायचे नाहीत, पण कार्यक्रमाला जायचं, असा आमच्या घरातला समझोता होता. दिल्लीत मराठी बोलणारी माणसं दुसरीकडे कुठे भेटणार? दरवर्षी बाबा तिथे खुर्च्या मांडायचे, आई पाचशे माणसांची भांडी आवरायला मागे थांबायची. आमच्यातलं कुणी स्टेजवर जाणार होतं ते पहिल्यांदाच. आईला आनंद झाला. काम कसलं ते मी तिला दोन दिवस सांगितलंच नाही.

नाटुकलं साधं होतं. मोटरसायकलवरून एक बदमाश पळतो. पोलिस थांबवतात. तो कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल, काढतो. इन्स्पेक्टर गोळी घालतो. बदमाश पडतो, त्याच्या हातातला कट्टा इन्स्पेक्टर सगळ्यांना दाखवतो, आणि जनता फुलं उधळते. काकांनी ते महिन्यापूर्वीच्या पेपरातल्या बातमीवरून लिहिलं होतं.

पेपरातला तो बदमाश आमच्या घरी पोहे खाऊन गेला होता.

त्याचं नाव वसीम. माझा दादा नोएडाला एका फॅक्टरीत इलेक्ट्रिशियन, वसीम त्याच्याच बरोबर पॅकिंगला. त्या संध्याकाळी दादाला ताप भरला. वसीम राहायचा गाझियाबादला, म्हणजे अगदी उलट्या दिशेला. तरी तो दादाला मोटरसायकलवर मागे बसवून आमच्या क्वार्टरपर्यंत घेऊन आला. आईने पोहे केले. त्याने दोनदा घेतले. "आंटी, ये मूंगफली वाला आयडिया बहुत बढ़िया है," म्हणाला. मी त्याला खालपर्यंत सोडायला गेलो. अंगात टी-शर्ट, खिशात मोबाइल. पाठीला बॅगसुद्धा नव्हती. मला म्हणाला, "पढ़ ले भाई, तेरे भइया जैसा वायर मत पकड़." आणि गेला.

दिल्लीची हद्द ओलांडल्यावर बॅरिकेडवर त्याला गोळी लागली. पेपरात आलं: बाइकस्वार बदमाश ठार, कट्टा हस्तगत.

हद्दीपलीकडची गोष्ट, पण आमच्या कॉलनीत जणू मॅच जिंकली होती. मंडळाच्या ग्रुपवर टाळ्या वाजवणारे हात आले, तिरंगे आले. "एक कमी झाला." "सॅल्यूट." मदर डेअरीच्या रांगेत एक बाई दुसरीला म्हणाली, "अच्छा हुआ, सफ़ाई होनी चाहिए." मागे माझी आई पिशवी घेऊन उभी होती. ती दूध न घेताच परत आली.

बाबांनी त्या दिवशी दार लावून घेतलं आणि आम्हाला समोर बसवलं. "वसीम इथे आला नव्हता. कळलं? आपल्याला काही माहीत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं." मग दादाकडे वळून त्यांनी त्याला बॅरिकेडवर कसं वागायचं ते शिकवलं. गाडी लगेच बंद करायची. खिशात हात घालायचा नाही, मोबाइल वाजला तरी. प्रत्येक वाक्याला जी सर. दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी मनात सगळं घोकत होतो. गाडी बंद, खिशात हात नाही, जी सर. मला अजून गाडी चालवताही येत नव्हती.

पुढच्या आठवड्यात वसीमची आई आली. घराचा पत्ता शोधत, दोन बस बदलून. मॅजिस्ट्रेटची चौकशी लागली होती. कुणाला काही ठाऊक असेल तर येऊन सांगावं, अशी नोटीस निघाली होती. ती म्हणाली, "बस इतना बोल दीजिए कि वो यहाँ से ख़ाली हाथ निकला था."

बाबा उभेच होते. "बहनजी, हम सरकारी नौकर हैं. हमें कुछ मालूम नहीं."

तिला राग आला नाही. "मालूम तो है, भाईसाहब. डर लग रहा है. मुझे भी लगता है."

आणि ती जिना उतरून गेली. त्यानंतर माझी झोप गेली. जिन्यात पावलं वाजली की मी उठून बसायचो.

अशा दिवसांत मला वसीमचं काम मिळालं. मी नाही म्हणालो असतो तर काकांनी का म्हणून विचारलं असतं. काय उत्तर देणार होतो? म्हणून मी रोज तालमीला गेलो आणि रोज गोळी खाऊन पडलो. काका सांगायचे, "अरे, असा नाही. पाय झाड. तडफड जरा. पब्लिकला मजा आली पाहिजे."

एकदा तालमीच्या आधी काकांनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि मोबाइल दाखवला. त्यांची मुलगी अमेरिकेत होती. तिथे पोलिसांनी एका निःशस्त्र काळ्या माणसाला गोळी घातली होती आणि शहरभर मोर्चे निघाले होते. फोटोत ती हातात फलक घेऊन उभी होती, रडून डोळे लाल झालेले. काका कळवळून म्हणाले, "हातात काही नसलेल्या माणसाला मारतात म्हणजे काय? जंगल आहे का? काळा रंग हा काय गुन्हा आहे?" निनादच्या आईने डोळे पुसले. म्हणाली, "बिचारा! त्याच्या आईचं काय झालं असेल!"

मला वाटलं, हा माणूस समजून घेईल. खरंच वाटलं. इतके दिवस छातीत कोंडलेलं होतं. तालीम संपल्यावर मी काकांच्या मागे गेलो. ते कुलूप लावत होते. मी म्हणालो, "काका, तो वसीम त्या संध्याकाळी आमच्याकडे होता. त्याच्याकडे पण काही नव्हतं. मी स्वतः बघितलंय."

कुलूप तसंच हातात. काकांनी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. मग म्हणाले, "अरे, ते वेगळं. तिथे वंशभेद आहे. इथे पोलिस उगाच कुणाला मारत नाहीत."

"पण काका..."

"तुमच्याकडे येत होता तो?" त्यांनी माझ्याकडे नव्यानेच बघितल्यासारखं बघितलं. "असली माणसं घरात घेता? तरीच. तुमच्या लोकांना कितीही वर आणा."

वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मी पूर्ण ऐकलं.

तिथून मी धावतच घरी आलो. मी काय करून बसलो होतो? काका कुणाला सांगतील? बाबांच्या ऑफिसात? पोलिसांना? आईला सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि पाणी मागितलं.

कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे म्हणून पोलिस खात्यातले एक साहेब आले. मराठी माणूस, एनसीआरमध्येच, म्हणजे दिल्लीच्या आसपासच, पोस्टिंग. बायकांनी त्यांना ओवाळलं, काकांनी शाल घातली. साहेब पहिल्या रांगेत सोफ्यावर बसले आणि काका त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलू लागले. मी विंगेतून बघत होतो. बोलता बोलता काकांनी स्टेजकडे बोट केलं. साहेबांनी मान वर करून पाहिलं. शर्ट पाठीला चिकटला. कुणीतरी माझ्या हातात लाकडी कट्टा दिला आणि मला ढकललं.

कट्टा मी विंगेतल्या स्टुलावर ठेवला. आधी काही ठरवलं नव्हतं. तो हातात धरवेना, एवढंच.

स्टेजवर लाइट डोळ्यांत गेला. निनाद ओरडला, "रुक!" मी थांबलो. इथे मी कट्टा काढायचा होता. मी दोन्ही हात वर केले. निनाद गोंधळला आणि त्याने टिकल्यांचं पिस्तूल उडवलं. फट्. टाळ्या. मी उभा.

"पड ना!" एव्हाना विंगेत आलेले लेले काका ओरडले.

फट्. मी उभाच. लोक हसायला लागले. मग माझा आवाज मलाच ऐकू आला. बारीक, थरथरता, घाबरलेल्या पोराचा. "साहेब, माझ्याकडे काही नाही. मी घरी चाललोय."

निनाद दात खाऊन पुटपुटला, "अरे गिर ना यार!" मागून कुणीतरी शिट्टी मारली. "और एक मार!" पुन्हा हशा. तो आवाज मी ओळखला. आमच्याच ब्लॉकमधले दुसरे एक काका, मला सायकल शिकवणारे. मग आणखी आवाज आले. "मार, मार!" त्यात बायकांचे होते, माझ्या वर्गातल्या मुलांचे होते. त्यांच्या मते ती सगळी गंमत होती. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती. अनोळखी माणसांची भीती वेगळी. ही माणसं मला नावाने ओळखत होती.

मी पुन्हा म्हणालो, "माझ्याकडे काही नाही." पडदा ओढला गेला तेव्हाही मी उभा होतो.

लेले काकांनी माझा दंड धरून मला खाली आणलं. "लायकी नसताना स्टेजवर घेतलं की हे होतं." बाबा धावत आले होते. ते माझ्याशी बोलले नाहीत. साहेबांसमोर हात जोडून उभे राहिले. "सर, माफ करा. मुलगा लहान आहे."

साहेब हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. जड हात. "चांगला नट आहे हा. फक्त डायरेक्टरचं ऐकायचं असतं." मग बाबांना म्हणाले, "क्वार्टर कुठल्या सेक्टरमध्ये तुमचं? घरी कोण कोण असतं? मोठा मुलगा काय करतो?"

"गावी असतो, सर," बाबा म्हणाले.

दादा त्या वेळी घरी होता. साहेब बाबांकडे बघत राहिले. "अच्छा," म्हणाले.

घरी आल्यावर बाबांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी दादाची बॅग भरायला घेतली. मी सांगितलं, "बाबा, मी साक्ष द्यायला जाणार."

"वेडा झालास? क्वार्टर जाईल. नोकरी जाईल. तुझ्या भावाला उचलतील."

"मी नाही सांगितलं तरी उचलतील. वसीमनं कुठे काय सांगितलं होतं?"

बाबा मटकन खाली बसले. बोलली ती आई. इतके दिवस तिने तोंडातून ब्र काढला नव्हता. "त्यानं माझ्या हातचं खाल्लं," ती म्हणाली. "मी नेते ह्याला."

आई आणि मी मॅजिस्ट्रेटच्या ऑफिसात गेलो. कोरी साडी नेसून आली होती ती, लग्नाला निघाल्यासारखी. लिहून घेणाऱ्याने विचारलं, "पक्का? कपडों में कुछ छुपा होगा तो?" मी म्हणालो, "नहीं था." आईने मराठीतच सांगितलं, ते मी हिंदीत केलं. खाली सह्या केल्या.

पुढे काय झालं? जे होतं तेच. पोलिसांनी स्वसंरक्षणासाठी गोळी चालवली, असा अहवाल आला. आमच्या दारात साध्या कपड्यांतले दोघे आले, पाणी मागितलं, घर नीट बघितलं, गेले. मंडळाने आम्हाला बोलावणं बंद केलं. काही वर्षांनी बाबांनी क्वार्टर सोडलं. लेले काकांची मुलगी अजूनही तिकडे कुठे काही झालं की लिहिते, आणि इथले लोक तिच्या लिहिण्यावर हात जोडतात. लिहू दे. ती चूक लिहीत नाही.

वसीमची आई वरच्या कोर्टात गेली. मी आता नोकरीला लागलोय आणि ती हद्द रोज ओलांडतो. बॅरिकेडवर अजून पोलिसाने नुसता हात केला तरी नाव विसरायला होतं. मागच्या तारखेला समोरच्या वकिलाने मला भर कोर्टात "बदमाशाचा दोस्त" म्हटलं. मी म्हटलं, "दोस्त होता. बदमाश नव्हता."

पुढच्या महिन्यात परत तारीख आहे. बाबा फोनवर म्हणतात, आता पुरे. दादा म्हणतो, आपलं घर बघ. मी जाणार. घाबरत जाईन, आवाज कापरा होईल, घाम येईल, पण जाणार. विचारतील तेवढ्या वेळा सांगणार. वसीमला मारून झालंय. खोटं ठरवून मारायला त्यांना अजून मी शिल्लक आहे, आणि मी पडणार नाही.