करवंदवाडीच्या चॅपलची कमान

खरवईच्या रखमा रोकडेनं तीस वर्षं एकच काम केलं. नवऱ्याच्या हाताखाली घमेली उचलली. बदलापूर वाढत होतं, कात्रपला बिल्डिंगांवर बिल्डिंगा उठत होत्या, आणि त्यातल्या कितीतरी बिल्डिंगांचं सिमेंट रखमाच्या डोक्यावरून वर गेलं होतं. नवरा बबन मिस्त्री. थापी त्याची, ओळंबा त्याचा, नाव त्याचं. बाईमाणूस म्हणजे बिगारी, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं आणि आजवर कुणी मोडलंही नव्हतं.

२००६च्या फेब्रुवारीत दोघांना बारवी धरणाच्या बाजूला करवंदवाडीत काम लागलं. काम पाडायचं होतं.

वाडीच्या टेकाडावर एक छोटं चॅपल आहे, १९३१ सालचं. दोन हात जाड काळ्या दगडाच्या भिंती, चुन्यात बांधलेल्या. वर सागाच्या कैच्या आणि मंगलोरी कौलं. पुढं दगडी कमानीचं दार आणि त्यावर एका घंटेपुरता मनोरा. आत पन्नास माणसं बसली की दाटी होते. तेव्हाच्या ख्रिस्ती आदिवासी कुटुंबांनी भातझोडणी उरकल्यावर ओढ्यातून एकेक दगड वर वाहून आणला होता. स्वतःची घरं कुडाची, पण देवाचं घर दगडाचं!

आदल्या वर्षी जुलैत जो महापूर आला, त्यात टेकाडावरून पाण्याचा लोंढा उतरला. कमानीचे दगड सुटले, मनोरा एका अंगाला कलला, भिंतींना ओल धरली. बदलापूरचे इंजिनीअर चिंतामणी परांजपे येऊन बघून गेले आणि त्यांनी सांगितलं, "यात काही दम नाही. पाडा, स्लॅबचा हॉल बांधून देतो." वसईहून आलेले फादर रुमाव मिस्सेच्या प्रार्थनेसाठी महिन्यातून एकदा वाडीत येत. उद्या छप्पर डोक्यावर पडलं तर जबाबदार कोण, या धास्तीनं त्यांनीही मान डोलावली.

पहिल्या दिवशी रखमानं बाजूच्या भिंतीवरच्या प्लास्टरवर पहार घातली. सिमेंटचा थर तुटून पायाशी पडला आणि आतला जुना चुना उघडा पडला. रखमा थबकली. तिनं नखानं खरवडून पाहिलं. नख झिजलं, चुना हलला नाही. दगडावर हातोडी मारली, तर खणखणीत आवाज आला. तिनं पहार खाली ठेवली.

"काय झालं गं?" बबननं विचारलं.

"हे पाडायचं नाय."

"येडी का खुळी तू? आपल्याला पाडायलाच आणलंय."

रखमाला मात्र दहा वर्षांची रखमा आठवत होती. १९५७ साली, तिच्या घरच्यांनी धम्मदीक्षा घेतली त्याच्या पुढच्याच वर्षी, तिचा बाप याच चॅपलचा ओटा बांधायला आला होता. तो चुन्यातला कसबी गवंडी. गोल खणलेल्या चरात दगडी चाक फिरायचं आणि चुना दळला जायचा. त्या घाणीचा बैल हाकायचं काम पोरीकडं. चुना किती दिवस भिजवायचा, त्यात बेलफळाचं आणि हिरड्याचं पाणी केव्हा घालायचं, गूळ किती, सगळं बापानं तिला बोटांनी चाचपायला लावून शिकवलं होतं. पुढं सिमेंट आलं आणि ते शिक्षण कुणाला लागलंच नाही.

फादर आल्यावर ती त्यांच्यासमोर उभी राहिली. चिंतामणीसाहेबही तिथंच होते.

"फादर, भिंत आजारी नाय. तिला वरून सिमेंटचा रेनकोट घातलाय कुणीतरी. आतली ओल बाहेर पडायला वाटच नाय. पन्हळ फुटलीय, ती सगळी कमानीवर गळते. कमान आणि वरचा मनोरा तेवढा उतरवून परत बांधा. बाकी सगळं धडधाकट हाय."

"मावशी, तुम्ही घमेलं उचला," साहेब हसत म्हणाले. "चुन्याचा मिस्त्री आता या जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही."

"मी हाय ना," रखमा म्हणाली.

बबननं कपाळाला हात लावला. फादरांनी मात्र तिनं पहारीनं काढून आणलेला चुन्याचा टवका घेतला, दोन्ही हातांनी मोडायला गेले. मोडेना. त्यांनी तो तिच्या हातात परत ठेवला.

"पावसापर्यंत वेळ देतो, रखमाबाई," ते शेवटी म्हणाले. "कमान उभी राहिली तर चॅपल राहील."

आता माघार नव्हती. चॅपलची राखण करणारा बुधाजी म्हातारा जुन्या घाणीच्या दगडी चाकावर बसून रोज विडी ओढायचा. त्याला उठवून रखमानं चाक चरात उतरवलं. चुनकळीसाठी उल्हासनगर गाठलं. सिंधी दुकानदार पोती बघून म्हणाला, "माई, इतना चूना? पूरा गाव रंगाओगी क्या?" वाडीतल्या बायकांनी रानातून हिरडे आणि बेलफळं आणली. बुधाजीनं आपला बैल दिला. पंधरा दिवस चुना भिजला, मग घाणी फिरू लागली. रखमा तासातासाला चिमूट उचलून बोटात चोळायची आणि मान हलवायची, "अजून नाय."

कमान उतरवून नव्यानं बांधायला घेतली, तरी बबन चार दिवस घुश्शात दूरच बसला. पाचव्या दिवशी रखमा दगडाला दगड बसवत होती. चुन्याचा थर असा बेतात की दगडाला दगड टेकलाच पाहिजे. तो बघत राहिला. मग उठला, घमेलं भरलं आणि तिच्या बाजूला येऊन म्हणाला, "मिस्त्री, माल कुठं टाकू?"

रखमानं वळून पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

"हितं टाका," ती म्हणाली, आणि दोघं पुन्हा कामाला लागली. फरक एवढाच की आता ती वर होती आणि तो खाली.

लाकडी सांगाड्यावर एकेक दगड चढत गेला. शेवटी माथ्यावरचा, बाकी सगळ्यांना अडकवून धरणारा चावीचा दगड बसला आणि त्यावर मनोरा पुन्हा सरळ उभा राहिला. पन्हळ बदलली, भिंतींवरचं सिमेंट उतरवून चुन्याचा गिलावा झाला. मग महिनाभर ओल्या गोणपाटाखाली कमान तशीच ठेवली.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी मिस्सा झाडाखाली झाली आणि सगळी वाडी चॅपलसमोर जमली. त्या दिवशी सांगाडा काढायचा होता. चिंतामणीसाहेब हाताची घडी घालून लांब उभे होते.

"सगळे मागं व्हा," रखमा म्हणाली. स्वतः मात्र कमानीखाली गेली.

"अगं, बाहेर ये!" बबन ओरडला.

"मी बांधलीय. मीच उभी राहणार."

तिनं सांगाड्याखालची पहिली पाचर ठोकून काढली. दुसरी. तिसरी काढताना वरून चुन्याची बारीक भुकटी तिच्या केसांत पडली आणि बायकांनी तोंडावर हात ठेवले. कमान केसभर खाली बसली, दगडांनी एकमेकांना घट्ट धरलं, आणि थांबली. शेवटची पाचर निघाली. सांगाडा मोकळा झाला. रखमानं तो ओढून बाजूला केला. वर नुसता दगड, आणि दगडाला आधार दगडाचाच.

बुधाजीला धीर धरवेना. त्यानं घंटेचा दोर धरला आणि ओढतच राहिला. पुरापासून मुकी असलेल्या त्या घंटेचा आवाज धरणाच्या पाण्यावरून पलीकडच्या पाड्यांपर्यंत गेला. कुणी ढोल आणला. बायकांनी रखमाला मध्ये घेऊन फेर धरला आणि साठीला टेकलेली रखमा चुन्यानं माखलेल्या लुगड्यात मनसोक्त नाचली. बबन ज्याला त्याला सांगत होता, "आमची मंडळी. मिस्त्री हाय ती."

त्या पावसाळ्यात आत एक थेंब गळला नाही. नाताळात फादरांनी रखमाला आणि बबनला पहिल्या बाकावर बसवलं, मिस्सेनंतर "जय भीम" म्हणून दोघांना नमस्कार केला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "आपल्या आजोबा-पणजोबांनी हे बांधलं, रखमाबाईंनी ते आपल्याला परत दिलं."

बाहेर ओट्यावर चिंतामणीसाहेब डायरी उघडून वाट बघत होते. अंबरनाथला त्यांच्याकडे चुन्यात बांधलेल्या एका जुन्या विहिरीच्या दुरुस्तीचं काम आलं होतं.

"मावशी, माझी चूक झाली," त्यांनी सरळ सांगितलं. "चुन्याचं प्रमाण सांगाल का? लिहून घेतो."

रखमा हसली. "साहेब, ते डायरीत मावत नाय. सोमवारी या, घाणीवर. बुशकोट जुना घालून या."

सोमवारी सकाळी साहेब आले. बाह्या दुमडून चरापाशी उकिडवे बसले आणि रखमानं त्यांच्या तळहातावर ओल्या चुन्याचा पहिला गोळा ठेवला.