दोन सेकंदांचं फंक्शन

सोमवार, डिसेंबर १९८८. हिंगण्याच्या कारखान्यातली कॉम्प्युटरची खोली. हजर: तो आणि मी.

टेलिफोनच्या तारेवरून मुंबईच्या कचेरीत फायली पाठवणारा प्रोग्राम त्यानं एकट्यानं ‘सी’ या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला होता. फाइल जाताना तो पडद्याला म्हणायचा, "चाल गा, चाल!" शनिवारी तो नोकरी सोडणार होता आणि प्रोग्राम मला सांभाळायचा होता. म्हणून प्रोग्रामच्या प्रत्येक छोट्या तुकड्यावर, म्हणजे फंक्शनवर, टीप लिहायला मी त्याला बसवलं.

"काय करते ते दिसूनच तं राहिलं ना, ताई!"

"दिसतं. काहून करते, ते लिहा."

तो हसला आणि लिहीत सुटला. संध्याकाळी मी टिपा वाचल्या. सगळ्या समजल्या. दोन सेकंद नुसतं थांबणाऱ्या फंक्शनवर मात्र होतं: ‘काहून थांबते, मले माहीत नाही. काढलं तं फाइल अर्धीच जाते. ताई शोधतील.’

अजून शोधते आहे.