लालबी आता रस्त्यावर बसते

परतूरच्या धान्याच्या मोंढ्यामागं आमची गल्ली. नवरा गेल्यावर लालबी तिथं घरोघर बांगड्या भरायची. पाहुणे पुरुष ओसरीवर अडत, लालबी थेट माजघरात. सुना तिच्या हातात हात देत अन् मनातलं बोलत. ह्या घरचं त्या घरी तिनं कधी न्हेलं नाही. तिचा धंदा त्यावरच उभा होता.

गेल्या सालची, चौपन्नची गोष्ट. भरदुपारी गल्लीतल्या सोनूबाईचे चांदीचे तोडे चोरीला गेले. पोलीस जमादार बद्रीनाथनं तिच्या समोरच्या घरातल्या इनायतला उचललं. तो खाटा-बाजा विणून पोट भरणारा. मंग जमादार लिंबाखाली खाट टाकून बसला अन् सगळ्यांदेखत साक्षी घेऊ लागला.

मी गल्लीचा पुढारी, माझं डोकं फिरलं. "जमादार, असा बाजार भरवून कोण खरं बोलंल? एकेकाला बाजूला घ्या."

"पुढारी, तुम्ही सभा घ्या. तपास माझा मी बघतो."

गल्ली हसली. मंग तो लालबीकडं वळला, "तू तर घराघरात घुसतीस. बोल."

त्या दुपारी ती श्रीपतरावांच्या सुनेला, नीलाला, बांगड्या भरत होती, अन् इनायत त्यांच्याच अंगणात बाज विणत होता. पण श्रीपतराव जमादाराला आधीच सांगून बसले होते, "आमच्याकडं कुणी आल्तं न्हाई." घरात गडीमाणूस नसताना परका अंगणात होता, हे त्यांना चारचौघांत नको होतं.

इनायतची बायको कमरबी लालबीच्या तोंडाकडं बघत राहिली.

लालबीनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. "श्रीपतरावांच्या अंगणातली बाज बघा, जमादारसाब. अर्धीच विणलीय. विणणारा तुमच्या कोठडीत हाय."

"लालबी! आमच्या घराचं नाव चव्हाट्यावर घेतीस?"

"मालक, दुसरं कुठलं घेऊ? तो तुमच्याच घरी होता."

बाज सापडली. संध्याकाळी इनायत सुटला.

दुसऱ्या दिवशी श्रीपतरावांच्या बायकोनं, रमाबाईंनी, दाराआडूनच सांगितलं, "सध्या नगं गं." पुढच्या घरीही तेच. आता लालबी आठवडी बाजारात गोणपाट टाकून बसते. चांगल्या घरच्या सुना रस्त्यावर हात पुढं करत नाहीत.

मागच्या महिन्यात आणखी एक चोरी झाली. जमादार सरळ तिच्यापुढं येऊन उभा. "लालबी, काय दिसलं?"

"रस्ता दिसतो, साब. आतलं दिसायचं, ते तुम्हीच चारचौघांत विचारून बंद केलं. बाजूला व्हा. गिऱ्हाईकाला बांगड्या दिसू द्या."

गिऱ्हाईक कुणीच नव्हतं.