सुलूच्या अंगणातला शिमगा

"शिमग्याला ये गो, यंदा पालखी आमच्या दारात थांबेलसं वाटतंय," असा सुलूचा निरोप आला आणि मी बॅग भरली. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. कोल्हापूरहून एसटीनं आंबा घाट उतरायचा. घाट लागत असेल तर पुढची सीट धरा, लिंबू जवळ ठेवा; मी दोन्ही केलं नाही आणि भोगलं! रत्नागिरीत चहा-भजी खाऊन सुलूच्या गावाची, पावसची गाडी पकडली. भाट्याचा पूल आला, खाडीचा वारा लागला, तेव्हा कुठं जिवात जीव आला.

सुलू माझी कॉलेजातली मैत्रीण. बी.ए.ला आम्हाला व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक इंग्रजी कादंबरी होती. फसवल्या गेलेल्या पोरीलाच सगळे पापी ठरवतात. ती नवऱ्याला लग्नानंतर खरं सांगते, तो सोडून जातो, शेवटी तिचा जीव जातो. वर्गात सगळ्यांचं एकच, आधी सांगायला हवं होतं. सुलूनं आधी सांगितलं. मुंबईत नातलगाकडे राहताना तिथल्याच एकानं तिच्यावर जबरदस्ती केली होती, हे तिनं साखरपुड्यानंतर होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं. लग्न मोडलं, गावभर बोभाटा झाला आणि गावकीनं घर वाळीत टाकलं. तेव्हापासून देवाची पालखी घरोघर जायची, यांचं दार सोडून.

यंदा मानकरी "बघू" म्हणाले होते. तेवढ्यावर तिच्या आईनं अंगण सारवलं, रांगोळी घातली, पालखीवाल्यांसाठी डबाभर पुरणपोळ्या केल्या. मला सकाळी घावन आणि नारळाचा रस. काय चव होती म्हणून सांगू!

ढोल जवळ आले. आई ओटीचं ताट घेऊन उभी राहिली. शेजारच्या अंगणात पालखी नाचली, मग आमच्या अंगणाच्या दगडी गडग्याशी येऊन घुटमळली.

"थांबा हो पोरांनो, पाणी तरी घ्या," आई म्हणाली.

"चला, फुडं चला!" मानकरी ओरडले. पालखी गेली.

माझ्या तोंडात शिवी आली. सुलूनं माझा हात धरला. "नको गो. पुस्तकातलीनं उशिरा सांगितलं, मी आधी सांगितलं. मग सांगायचं तरी कधी?"

मी आईच्या हातातलं ताट घेतलं आणि आत नेऊन ठेवलं.

गणपतीपुळ्याचा बेत होता, पण पाय निघेना. परतताना आईनं सगळ्या पोळ्या मलाच बांधून दिल्या. "ने हो. इथे कोण खाणार?"

कोल्हापुरात मी त्या शेजारीपाजारी वाटल्या. शेजारच्या काकूंनी विचारलं, "सुरेख झाल्यात गं! काय होतं?"

"मैत्रिणीच्या दारात पालखी आली होती," मी म्हणाले. "बराच वेळ थांबली."